स्टार ट्रेक : तुमची सगळ्यात लाडकी मालिका कोणती आणि लाडकं पात्र कोण?

टर्बोलिफ्ट

सरळ मुद्द्यावर येतो. माझ्या मते स्टार ट्रेक या अमेरिकन अंतराळ-मालिकांमधली सगळ्यात भारी मालिका डीप स्पेस नाइन (डीएस९), आणि मी हे नुसतं आवड म्हणून नाही बोलत, कारणं आहेत. बाकी सगळीकडे जहाज असतं. आठवड्याला एक ग्रह, तिथे काहीतरी राडा, कॅप्टनचं भाषण, राडा मिटला की निघाले पुढे. त्या ग्रहावर नंतर काय झालं हे कोणी वळून बघत नाही. डीएस९ मध्ये स्टेशन आहे आणि ते कुठेही जात नाही, ज्याच्याशी आज भांडलात तो उद्या सकाळी क्वार्कच्या बारमध्ये तुमच्या शेजारच्या टेबलवर असतो. १९९३ ते १९९९, सात सीझन, १७६ भाग, आणि पहिल्या सीझनमध्ये झालेल्या गोष्टी सातव्या सीझनपर्यंत पाठ सोडत नाहीत.

ज्यांनी काहीच पाहिलं नाही त्यांनी पहिल्या सीझनमधला ड्युएट हा भाग पाहा. बेजोर ग्रह पन्नास वर्षं कार्डेशियन लोकांच्या ताब्यात होता, तो नुकताच सुटलाय. मेजर किरा त्या लढ्यात वाढलेली. स्टेशनवर एक कार्डेशियन येतो, त्याला असा आजार आहे जो फक्त एका छळछावणीत झालेल्या अपघातामुळेच होऊ शकतो, म्हणजे हा तिथे होता. किराला वाटतं सापडला कसाई. तोही ताठ मानेनं सांगतो की हो, मीच तो, आणि मला अभिमान आहे. मग एकेक धागा उसवत जातो आणि कळतं की हा तिथला साधा कारकून होता, रात्री बाहेरच्या किंकाळ्या ऐकू नयेत म्हणून कान झाकून बसणारा. आता त्याला त्या अधिकाऱ्याच्या नावानं स्वतःला फाशी करवून घ्यायची आहे, कारण आपल्या लोकांनी निदान एकदा तरी केलेलं कबूल करावं. बहुतेक सगळा भाग एका कोठडीत, दाराच्या इकडे एक माणूस आणि तिकडे एक. आपण इंदूरवाले सानंदच्या नाटकांना जाऊन बसणारी मंडळी, दोन नट समोरासमोर उभे राहून बोलतात तेव्हा काय होऊ शकतं हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

तर लिहा. एक मालिका, एक पात्र, आणि कारण. नुसतं "मला आवडतं" चालणार नाही.

रामबागकर

माझी मालिका पहिली, मूळ, १९६६ ची. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागायची. आमच्याकडे ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही, त्यामुळे लाल शर्टवाला मरतो ही जी गंमत तुम्ही सगळे करता ती आम्हाला माहीतच नव्हती, आमच्याकडे सगळ्यांचे शर्ट राखाडी. कोण मरणार याचा अंदाज शेवटपर्यंत लागत नसे, आणि मी सांगतो, ती मालिका तशीच पाहण्यात खरा जीव टांगणीला लागायचा. नंतर आपल्याकडचं स्पेस सिटी सिग्मा आलं तेव्हा वाड्यातली सगळी पोरं त्यातल्या खलनायकाच्या नावानं जखाकू जखाकू करत पळायची, पण माझं मन स्पॉकपाशीच अडकलेलं होतं.

पात्र अर्थातच स्पॉक, टोकदार कानांचा परग्रही अधिकारी. पण एकटा स्पॉक नाही हो, स्पॉक आणि डॉक्टर मॅकॉय ही जोडी. कॅप्टन किर्कच्या एका कानात तर्क बोलतोय आणि दुसऱ्या कानात काळीज, आणि निर्णय त्याला एकट्यालाच घ्यायचाय. ७९ भागांत तीन सीझन संपले, तिसरा बराच पडेल होता हे मान्य, पण ही तिघांची रचना पुढच्या एकाही मालिकेला साधली नाही.

भाग सुचवायचा तर बॅलन्स ऑफ टेरर. रोम्युलन, म्हणजे शत्रूपक्ष, पहिल्यांदा दिसतात आणि त्यांचे कान, भुवया हुबेहूब स्पॉकसारख्या. झालं, जहाजावरचा एक अधिकारी त्या क्षणापासून स्पॉककडे हेर म्हणून बघायला लागतो. कालपर्यंत हा आपला होता! आणि स्पॉक त्यावर एक अक्षर बोलत नाही, आपलं काम करतो, आणि शेवटी त्याच अधिकाऱ्याचा जीव वाचवतो. १९६६ मध्ये अमेरिकन टीव्हीवर हे दाखवलं आहे, तेव्हा तिथे काय वातावरण होतं ते आठवा. त्याच जहाजाच्या नियंत्रण कक्षात उहुरा ही कृष्णवर्णीय अधिकारी बसलेली. तिचं काम करणाऱ्या निशेल निकोल्स मालिका सोडायला निघाल्या होत्या तेव्हा मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्यांना सांगितलं की सोडू नका, तुमचं तिथे दिसणं महत्त्वाचं आहे.

व्होएजरवाली

काका तुमचं सगळं मान्य, पण माझी मालिका व्होएजर आणि मी त्यावर कोणाचंही ऐकून घेणार नाही 😄

७० हजार प्रकाशवर्षं लांब फेकले गेलेत, पूर्ण वेगानं निघाले तरी घरी पोचायला ७५ वर्षं. स्टारफ्लीट, म्हणजे आपलं अंतराळ-आरमार, मदतीला नाही, बेस नाही, सुटे भाग नाहीत, बरेचसे लोक तर ज्यांना पकडायला निघाले होते तेच माकी बंडखोर. आणि कॅप्टन जेनवेला या सगळ्यांचं एक जहाज करायचंय. बाकीच्या कॅप्टनांना वर फोन करून विचारता येतं, हिला कोण आहे?

पात्र मात्र जेनवे नाही, डॉक्टर. तो माणूसच नाही, इमर्जन्सीसाठी केलेला होलोग्राम, खरा डॉक्टर येईपर्यंत थोडा वेळ चालवायचा आणि बंद करायचा असा. खरा डॉक्टर पहिल्याच भागात मेला, आणि याला बंद करायला कोणी उरलं नाही. मी स्वतः कॅज्युअल्टीत काम करते, म्हणून पाचव्या सीझनमधला लेटंट इमेज हा भाग माझ्या अंगावर येतो. दोन पेशंट, दोघंही सारखेच गंभीर, वाचवायची शक्यता सारखीच, आणि वेळ एकालाच पुरेल इतका. तो हॅरी किमला निवडतो कारण तो त्याचा मित्र, आणि दुसरी मुलगी टेबलवर जाते. आणि मग त्याच्यातलं ते प्रोग्रामिंग स्वतःशीच भांडत बसतं, मी त्यालाच का निवडलं, मी त्यालाच का निवडलं, तो कामाचा राहत नाही. जेनवे काय करते तर त्याची ती आठवणच पुसून टाकते. दीड वर्षानं त्याला ते कळतं.

हा प्रश्न खरा आहे हो. आमच्याकडे नवीन आलेली पोरं पहिला पेशंट गेल्यावर अशीच जिन्यात बसून राहतात, डोळ्यांसमोर तोच टेबल. त्यांची आठवण पुसता आली असती तर मी पुसली असती का? मला नाही वाटत. शेवटी जेनवे त्याच्याजवळ बसून राहते, सोळा सोळा तास, त्याला बोलू देते. तेच करावं लागतं.

गराडू_प्रेमी

मी लहान आहे सगळ्यांत बहुतेक, माझी सुरुवात स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्सपासून झाली (२०२२) आणि मला खरं सांगू तर जुन्या मालिका बघायला जड जातात, दहा मिनिटं खोलीत उभं राहून बोलूनच राहतात. माझा माणूस कॅप्टन पाइक. त्याला आपलं पुढे काय होणार ते आधीच दिसलंय, किरणोत्सर्गाचा अपघात, चेहरा जळलेला, खुर्चीत बंद, आणि ते टाळता येणार नाही कारण टाळलं तर त्या पोरांचा जीव जाईल ज्यांना तो वाचवणार आहे. हे माहीत असलेला माणूस काय करतो? तर आपल्या केबिनमध्ये ज्युनियर लोकांना जेवायला बोलावतो आणि स्वतः ॲप्रन बांधून स्वयंपाक करतो. भाई, मला असा बॉस पाहिजे.

आणि लोअर डेक्सला कार्टून म्हणून सोडू नका कोणी. पाच सीझन आहेत, आणि जुन्या मालिकांबद्दल जितकं प्रेम त्यात आहे तितकं दुसरीकडे नाही.

टर्बोलिफ्ट भिया, डीएस९ कुठून सुरू करू? पहिल्यापासून सगळं नाही होणार.

टर्बोलिफ्ट

@गराडू_प्रेमी ड्युएट एकटाच पाहिला तरी चालतो, मागचं काही माहीत नसलं तरी कळतो. त्यानंतर चौथ्या सीझनचा द व्हिजिटर. ते आवडलं तर मग पहिल्यापासून. जुन्यांत बोलणं जास्त असतं ते खरं, पैसेही कमी होते, ट्रान्सपोर्टरची, म्हणजे माणसाला क्षणात जहाजातून ग्रहावर पोचवणाऱ्या यंत्राची, कल्पनाच मुळी यातून आली की प्रत्येक भागात जहाज ग्रहावर उतरवलेलं दाखवायला परवडणार नव्हतं. पण त्या अडचणीतूनच लिहिणारे लोक घडले.

@व्होएजरवाली ताई, डॉक्टरबद्दल शंभर टक्के सहमत. पण मालिकेबद्दल माझं जुनं दुखणं आहे ते मांडतोच. सुटे भाग नाहीत, माणसं कमी, असं म्हणता ना? मग दर आठवड्याला जहाज चकाचक कसं? इयर ऑफ हेल मध्ये सगळं मोडलं, डेक जळाले, टूव्हॉक हा अधिकारी आंधळा झाला, मला वाटलं आता खरी मालिका सुरू झाली, आणि दुसऱ्या भागाच्या शेवटी काळच मागे फिरवला, काही झालंच नाही! इतकी चांगली कल्पना हातात होती आणि तिला पूर्ण किंमत मोजू दिली नाही.

पिकार्डचा_चहा

नेक्स्ट जनरेशनचं नाव घ्यायला इतका वेळ? १९८७ ते १९९४, १७८ भाग, आणि आज जे काही स्टार ट्रेक शिल्लक आहे ते या मालिकेमुळे.

माझा डेटा, जहाजावरचा माणसासारखा दिसणारा यंत्रमानव. सगळे म्हणतात त्याला माणूस व्हायचंय म्हणून तो गोड वाटतो. मला तसं नाही वाटत. द मेझर ऑफ अ मॅन पाहा, दुसरा सीझन. एक शास्त्रज्ञ येतो, डेटाला उघडून बघायचंय, तसले हजारो बनवायचेत. डेटा नको म्हणतो तर उत्तर मिळतं की तू स्टारफ्लीटची मालमत्ता आहेस. खटला उभा राहतो आणि नियम असा की विरुद्ध बाजू रायकरनं मांडायची, त्याच्या मित्रानं. रायकर भर कोर्टात डेटाचा हात काढून दाखवतो, मग पाठीवरचा स्विच दाबून त्याला बंद करतो. डेटा टेबलावर पुढे वाकतो आणि निपचित. त्या क्षणी रायकरचा चेहरा बघा फक्त. हा भाग लिहिणाऱ्या मेलिंडा स्नॉडग्रास वकील होत्या, म्हणून तो खटला खटल्यासारखा वाटतो. आणि शेवटी डेटा रायकरवर जराही रागवत नाही, उलट सांगतो की तू नाही उभा राहिलास तर खटलाच झाला नसता आणि मी हरलो असतो, तू स्वतःला दुखावून मला वाचवलंस. इतकं समजून घेणारा माणूस मला अजून माणसांत सापडायचाय.

द इनर लाइट या भागाबद्दल मी लिहीत नाही कारण मग थांबता येणार नाही. ह्यूगो पुरस्कार मिळालाय त्याला १९९३ मध्ये, एवढंच.

माहेर_इंदूर

इतका वेळ नुसती वाचत होते, पण वॉर्फचं नाव कोणीच घेतलं नाही म्हणून लिहिते. सगळ्या मालिका मिळून सगळ्यांत जास्त भागांत दिसलेला नट मायकल डॉर्न आहे, नेक्स्ट जनरेशन पूर्ण आणि मग डीएस९ चा चौथा सीझन ते शेवट, आणि तरी लोक त्याला मारामारीवाला म्हणून सोडून देतात.

वॉर्फ क्लिंगॉन, म्हणजे लढवय्या परग्रही जमातीतला. लहानपणी अनाथ झाला, त्याला माणसांनी वाढवलं, रोझेंको म्हणून रशियन नवरा-बायको. आजूबाजूला एकही क्लिंगॉन नाही. आणि हा मुलगा काय करतो, तर क्लिंगॉन म्हणजे काय ते वाचून, ऐकून, जमवून एकदम पक्का क्लिंगॉन होतो, सगळे विधी, सगळे नियम, मान, शब्द, कशातही सूट नाही. मोठा होऊन आपल्या लोकांत जातो तर तिथे सगळे दारू पिऊन खोटं बोलतायत, सत्तेसाठी कुणालाही विकतायत. सिन्स ऑफ द फादर मध्ये तर त्याच्या मेलेल्या बापावर दुसऱ्याचा गुन्हा ढकलतात, आणि साम्राज्यात यादवी नको म्हणून हा ती बदनामी स्वतःच्या अंगावर घेतो. भर सभेत एकेक जण त्याच्याकडे पाठ फिरवतो, त्याचा स्वतःचा भाऊसुद्धा, कारण फिरवावी लागते. ज्याला मान हा शब्द घरात बसून कोणी शिकवला नाही त्याला मान कळला होता, आणि ज्यांच्या घरात तो होता त्यांना नाही.

मी हे इतकं का मनावर घेते ते सांगते. आमचं घर चार पिढ्या इंदूरचं, आजोबा-पणजोबा सगळे होळकरी. घरात गौरी बसायच्या तर सोळा भाज्या म्हणजे सोळाच, दिवाळी अंक महाराष्ट्रातून यायला उशीर झाला तर आजोबा रोज स्टँडवर चौकशी करायचे, जेवताना ताटावर हिंदी बोललं तर आजी नुसती बघायची. लग्न होऊन पुण्यात आले. मला वाटलेलं इथे तर सगळं आमच्याहून दुप्पट असेल. इथे गौरींचा स्वयंपाक बाहेरून येतो, कोणाला त्यात काही विशेष वाटत नाही, आणि मी घरी करते म्हटलं की सगळ्या जावा माझ्याकडे कौतुकानं बघतात, पण पाहुणीकडे बघावं तसं. वाईट कोणीच नाही गं, सगळी प्रेमळ आहेत. पण वॉर्फ क्लिंगॉन जेवणावळीत एका बाजूला उभा असतो ना ताठ, तो मला आतून माहीत आहे.

आणि त्याची आई! फॅमिली नावाचा भाग आहे, चौथ्या सीझनचा दुसरा. ती जहाजावरचा बार चालवणाऱ्या गायनानला सांगते की हा लहानपणी माणसांचं काही खाईना, सगळं क्लिंगॉनच पाहिजे, मग मी रोकेग ब्लड पाय (pie) हा क्लिंगॉन पदार्थ करायला शिकले. सोच करो, ती बिचारी रशियन बाई रक्ताचा पदार्थ शिकतेय, पोरगं परकं वाटून घेऊ नये म्हणून. मी तो सीन दर वेळी रडतच बघते.

व्होएजरवाली

ताई 🙏 आता ड्यूटीवर आहे, कॅन्टीनमध्ये उभी राहून वाचलं. माझी आईपण सोळा भाज्यांसाठी राजवाड्याच्या मंडईत दोन चकरा मारते.

रामबागकर

माहेर_इंदूर, वॉर्फकडे मी या दृष्टीनं कधी पाहिलं नव्हतं, आता पुन्हा पाहणार. पण मुली, हे दुखणं स्पॉकचंही आहे. आई माणूस, बाप व्हल्कन. जर्नी टू बाबेल मध्ये दोघंही जहाजावर येतात आणि कळतं की बाप मुलाशी अठरा वर्षं धड बोललेला नाही, कारण मुलानं त्याच्या मनासारखी संस्था सोडून स्टारफ्लीट धरली. व्हल्कनवर त्याला अर्धा माणूस म्हणून चिडवलं, जहाजावर मॅकॉय त्याला हिरव्या रक्ताचा म्हणतो. मला वाटतं या सगळ्या मालिकांत ज्यांच्यावर आपला जीव जडतो ते सगळे असेच आहेत. स्पॉक, डेटा, वॉर्फ, डीएस९ चा ओडो, व्होएजरची सेव्हन, ताईंचा तो डॉक्टर. घरातले असून घरातले नाहीत. किर्कवर प्रेम कोणी करत नाही, त्याचं कौतुक करतात.

पिकार्डचा_चहा

काका, हे वाक्य मला मान्य नाही. नेक्स्ट जनरेशनचा कॅप्टन पिकार्ड कुठे घरातला असून घरातला नाही? सरळ फ्रेंच माणूस, भावाचा द्राक्षमळा, आणि त्याच्यावर आमचा जीव आहे.

माहेर_इंदूर

चहा, त्याच फॅमिली भागात पिकार्डपण घरी जातो ना. बोर्ग या अर्ध्या यंत्र झालेल्या शत्रूंनी त्याला उचलून नेऊन स्वतःच्यातला केलेला, त्याच्या तोंडून आणि त्याच्या डोक्यातलं वापरून फेडरेशनची, म्हणजे त्याच्याच बाजूची, ३९ जहाजं उडवलेली. परत आल्यावर तो कशातच बसत नाही, आणि शेवटी मोठ्या भावाशी चिखलात मारामारी करता करता रडायला लागतो. त्याच्यावर जीव तिथे बसला. त्याआधी तो नुसता हुशार होता.

बडोदेकर

बडोद्याहून हजेरी. आमच्याकडेही गायकवाडी मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, माहेर_इंदूर यांचा प्रतिसाद घरच्या ग्रुपवर पाठवला.

माझं मत डीएस९ च्या गॅरॅकला. स्टेशनवरचा एकुलता एक कार्डेशियन, देशातून हाकललेला, शिंप्याचं दुकान टाकून बसलाय, आणि आधी हेर होता हे सगळ्यांना माहीत असून कोणी बोलत नाही. तो कधीच खरं सांगत नाही आणि तरी त्याच्या खोट्यातून त्याचं घर सुटल्याचं दुःख कळत राहतं. इन द पेल मूनलाइट मध्ये स्टेशनचा कॅप्टन सिस्को याला रोम्युलन लोकांना युद्धात ओढायचं असतं, सिस्को एक खोटं करायला तयार होतो, मग लाच, मग आणखी एक खोटं, आणि शेवटी गॅरॅक त्याला तोंडावर सांगतो की तुम्ही माझ्याकडे आलात कारण जे तुम्हाला करवणार नव्हतं ते मी करीन हे तुम्हाला माहीत होतं. सिस्को आधी ठोसा मारतो, मग ऐकून घेतो. कॅप्टनच्या तोंडावर इतकं खरं दुसऱ्या कुठल्या मालिकेत कोणी बोललेलं मला आठवत नाही.

गराडू_प्रेमी

ड्युएट पाहिला. रात्रीचे दोन वाजलेत. त्याला शेवटी जो मारतो तो बेजोरन म्हणतो ना की हा कार्डेशियन आहे एवढं कारण पुरे, आणि किरा म्हणते नाही. पहिल्या सीनमध्ये तीच हे बोलली असती. सकाळी आठला कोचिंग आहे आणि मी द व्हिजिटर लावून राहिलोय.

टर्बोलिफ्ट

@गराडू_प्रेमी झोप आधी! व्हिजिटर वडिलांवर आहे, दिवसा पाहा, घरात कोणीतरी असताना.

@रामबागकर काका, तुमच्या यादीत नॉग घाला. फेरेंगी या धंदेवाल्या परग्रही जमातीतला, क्वार्कचा पुतण्या, पहिल्या सीझनमध्ये चोऱ्या करणारं, वाचता न येणारं कार्टं. तो स्टारफ्लीटमध्ये जायचं म्हणतो तेव्हा सिस्कोला वाटतं यात काहीतरी डाव आहे. खोदून खोदून विचारल्यावर पोरगं ओरडून सांगतं की माझ्या बापाच्या हातात कसब आहे, तो मोठा इंजिनियर झाला असता, पण धंदाच करायचा या रीतीपायी आयुष्यभर भावाच्या बारमध्ये राबला, मला तसं नाही व्हायचं. मग तो जातो, युद्धात पाय गमावतो, आणि सातव्या सीझनमध्ये एक अख्खा भाग फक्त त्याला परत उभं राहायला भीती वाटते यावर आहे. विनोदासाठी आणलेलं पात्र होतं हे! सात वर्षं एका जागी राहिल्याशिवाय हे करता येत नाही, म्हणून मी डीएस९ म्हणतो. आणि माहेर_इंदूर ताई, वॉर्फलाही डीएस९ मध्येच खरा सूर सापडला, मार्टोक त्याला आपल्या घराण्यात घेतो. पाठ फिरवलेल्यांपैकी नाही, एक साधा, गरीब घरातून वर आलेला, एका डोळ्याचा म्हातारा सेनापती त्याला भाऊ म्हणतो.

व्होएजरवाली

ड्यूटी संपली, आता माझ्या मालिकेवरच्या आरोपांना उत्तर. जहाज चकाचक राहतं हे खरं, पण किंमत मोजत नाही हे खोटं. ट्यूविक्स हा भाग! ट्रान्सपोर्टरच्या अपघातात टूव्हॉक आणि नीलिक्स मिळून एकच माणूस होतो. चांगला आहे, हुशार आहे, सगळ्यांना आवडतो, आणि त्याला जगायचंय. दोघांना परत आणायचं तर याला संपवावं लागेल. तो जहाजाच्या नियंत्रण कक्षात एकेकाकडे बघून विनवतो, एकही जण मधे पडत नाही. डॉक्टर नकार देतो, मी जीव घेणार नाही म्हणतो, आणि जेनवे स्वतः बटण दाबते. शेवटी ती एकटी कॉरिडॉरमधून चालत येते, बस. माझं म्हणणं ती बरोबर होती. दोन माणसं परत आली, त्यांची घरं आहेत, टूव्हॉकची बायकामुलं आहेत.

पिकार्डचा_चहा

ताई, अजिबात नाही. लेटंट इमेजच्या वेळी तुम्ही म्हणालात डॉक्टर मित्राला निवडतो हा प्रश्न खरा आहे. मग जेनवेनं काय केलं? मित्रालाच निवडलं, आणि समोरचा तर धडधाकट होता, मरत नव्हता. डेटाचा खटला त्या जहाजावर झाला असता तर डेटाचे तुकडे झाले असते.

व्होएजरवाली

हे तुम्ही समोर बसून बोला. रविवारी दुपारी माझ्याकडे, लोकमान्य नगर, इंदूरमधले सगळे या. ट्यूविक्स आणि मेझर ऑफ अ मॅन दोन्ही लावू पाठोपाठ. भुट्ट्याचा कीस आई करतेय. गराडू, कोचिंग नसेल तर तूपण.

रामबागकर

येतो. पण आधी बॅलन्स ऑफ टेरर, पन्नास मिनिटांचाच आहे, आणि या वेळी मला तो रंगीत पाहायचाय. माहेर_इंदूर, व्हिडिओ कॉलवर ये.

माहेर_इंदूर

येते काका. आणि चहा, तुमची बाजू बरोबर आहे, मी ताईंच्या विरोधात तुमच्यासोबत.